पट घसरला म्हणजे शाळा बिघडली का?

महापालिकेच्या शाळेत आता कोण घालतंय मुलांना, असं कोल्हापुरात सहज बोललं जातं. त्याच कोल्हापुरात जरगनगरच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याला रांगा लावतात. शाळा महापालिकेचीच, माध्यम मराठीच. तेव्हा पट घसरल्याचा सगळा दोष पाटीवरच्या नावाला देता येत नाही.

शाहूपुरीचंच घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेली ही व्यापारी पेठ. एका हाताला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या हाताला एसटी स्टँड. अशा पेठेत राहत्या घरांची जागा दुकानं आणि लॉज घेतात, तेव्हा शाळेच्या हाकेवरची मुलंच कमी होतात.

मुलं कमी म्हणजे प्रत्येकाकडे जास्त लक्ष, ही समजूतही अर्धीच खरी. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे तिसरा. म्हणजे चाळीस मुलांच्या शाळेत पाच इयत्ता आणि शिक्षक दोन. एका भिंतीशी पहिलीची बाराखडी, समोरच्या फळ्यावर तिसरीचा भागाकार. जोडवर्ग चांगला चालवणारे शिक्षक आहेत. पण ती कसरत आहे, चैन नव्हे.

सर्वांत घातक गैरसमज दाखल्याचा. 'जुन्या शाळेचा दाखला आणा, मग बघू' हे ऐकून कामगार आईबाप परत फिरतात. 2009 चा हाच शिक्षण हक्क कायदा स्पष्ट आहे: दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येही नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं.

खरी अडचण पुढेच आहे. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता साधारणपणे 30 सप्टेंबरच्या पटावर होते. ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर येतात. दिवाळीनंतर आलेलं पोर वर्गात बसतं, पोषण आहार घेतं; शिक्षकांच्या हिशोबात मात्र त्या वर्षी धरलं जात नाही. हे बदललंच पाहिजे.

आणि 'तिथं अमुकांचीच मुलं जातात' हे तर कोल्हापुरात तरी कुणी बोलू नये. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका वर्गात बसवलं.

शेजारच्या शाळेचा पट, वर्ग, शिक्षक ही माहिती शाळांची नोंद ठेवणाऱ्या यू-डायसच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. प्रवेश ठरवण्याआधी ती पाहावी, मग शाळेत जाऊन एखादा तास वर्गात बसण्याची परवानगी मागावी.