लंगडीत बाद झालेले मूल

एक साधा प्रयोग करू. भिंतीजवळ एका पायावर उभे राहू. जमले? आता तसेच उभे राहून डोळे मिटू. थोड्याच वेळात अंग डुलू लागते आणि दुसरा पाय टेकावा लागतो. म्हणजे तोल सांभाळणे हे एकट्या पायांचे काम नव्हे.

तोलासाठी मेंदूकडे तीन ठिकाणांहून संदेश येतात. डोळे भोवतालची स्थिती सांगतात. स्नायू, सांधे व तळपाय कोठे किती भार पडला ते कळवतात. तिसरी खबर अंतर्कर्णाची. प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका लगेच वळते, द्रव मात्र मागे रेंगाळतो आणि संवेदनशील पेशींवरील सूक्ष्म केस वाकतात. फुगडी थांबल्यावरही हा द्रव काही क्षण सरकतच राहतो. डोळे म्हणतात 'थांबलो', कान म्हणतात 'फिरतोय'. म्हणून गरगरते.

या तिन्ही संदेशांचा मेळ घालणे मूल सरावाने शिकते. नुकते चालू लागलेले मूल पाय फाकवून, हात उचलून चालते. लंगडी साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमू लागते. दर वेळी तोल जातो, सावरला जातो, आणि ते सावरणेच मेंदूला शिकवते.

आता आपल्या मैदानाकडे पाहू. लंगडीत ज्याचा पाय आधी टेकतो ते मूल बाद होऊन कडेला बसते. ज्याला सराव सर्वांत जास्त हवा, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो! वर 'धांदरट' हा शिक्का बसतो.

नियम थोडा बदलू. पाय टेकला तर बाद न करता पुन्हा तेथूनच सुरुवात करू द्यावी. खडूच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालणे, ठिकरी, डोक्यावर वही ठेवून चालणे, असे खेळ घ्यावेत. जमू लागले की रेघेवर चालताना चेंडू झेलायला सांगावे. दोन्ही पायांना आळीपाळीने संधी द्यावी. स्पर्धा स्वतःशीच: काल एका पायावर दहा अंक मोजले, आज किती?

एखादे मूल सरावानंतरही वारंवार पडत असेल, किंवा चांगले चालणारे मूल अचानक अडखळू लागले, तर डॉक्टरांना दाखवायला पालकांना सांगावे. बाकीच्यांना हवे असते ते फक्त पुन्हा पडण्याचे आणि सावरण्याचे स्वातंत्र्य.