कोरोनानंतरची नागीण

लहानपणी कांजिण्या आल्या, खपल्या पडल्या, घरचे विसरून गेले. विषाणू मात्र गेलेला नसतो. व्हॅरिसेला झोस्टर हा हर्पीस कुळातला विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. त्याला आवरून धरतात त्या टी-पेशी. गंभीर कोरोनात नेमकी त्यांचीच संख्या घटते, त्यात स्टेरॉइडची भर. मग हा विषाणू त्याच मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत उतरतो. आधी नुसती आग, दोन-तीन दिवसांनी लाल चट्ट्यावर पाणीदार फोडांचा पट्टा. हीच नागीण.

अमेरिकेतल्या २०२२ च्या एका अभ्यासात कोरोना होऊन गेलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांत नागिणीचा धोका १५ टक्क्यांनी, रुग्णालयात दाखल झालेल्यांत २१ टक्क्यांनी जास्त आढळला. याच हर्पीस कुळातला एप्स्टीन-बार विषाणूही अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत असाच जागा झालेला दिसला आहे.

‘नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो’ ही भीती खोटी आहे. पुरळ एकाच बाजूच्या मज्जातंतूचा असतो, तो सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. गेरू लावत बसण्यात मोलाचे तास जातात; असायक्लोव्हिरसारखं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्यालाही धोका असतो; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.