तेहेतीस तासांचं पिल्लू

बेळगावात अनगोळहून सायकल मारत टिळकवाडीच्या कॉलेजात बीएस्सी करायला गेलेल्या कुणाच्या तरी माळ्यावर प्राणिशास्त्राचं जर्नल अजूनही सापडेल. कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं काढलेला कोंबडीचा गर्भ : २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास. एक डोळा सूक्ष्मदर्शकातल्या लालसर स्लाइडवर, दुसरा कागदावर. शेडिंग चालत नसे. लेबलांच्या रेघा पट्टीनंच आखायच्या आणि एकीनं दुसरीला ओलांडायचं नाही.

स्लाइडकडे न बघता शेजाऱ्याच्या जर्नलवरून आकृती उतरवणारेही वर्गात असतच. त्यांनी फार लाजायचं कारण नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यानं १८६८च्या आपल्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ शेजारी शेजारी छापले आणि त्यांत फरक दिसत नाही, असं वाचकांना बजावलं. दिसणार कुठून? लाकडी ठसा एकच होता, तीनदा उमटवलेला! बासेलचे प्राणिशास्त्रज्ञ लुडविग रुटिमायर यांनी ही चोरी पकडली. पुढच्या आवृत्त्यांतून ते चित्र गेलं. बदनामी मात्र हेकेलला जन्मभर पुरली.

हेकेलनं जे पटवायचं तेच काढलं. मार्चेल्लो माल्पीगीचं तसं नव्हतं. बोलोन्याच्या या वैद्यानं १६७२च्या सुमारास अंड्यातल्या पिल्लाची इतकी बारीक चित्रं काढली, की मणक्याच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे त्यांत स्पष्ट दिसतात. तरीही तो चकला. न उबवलेल्या अंड्यातही त्याला पिल्लाची आकृती दिसली आणि पिल्लू आधीपासून तयारच असतं, या मताला त्यामुळे बळ मिळालं. अंडं मात्र ऐन उन्हाळ्यातलं होतं. कोंबडी बसली नव्हती, पण उकाड्यानं तिचं काम सुरू केलं होतं. चित्र बरोबर, निष्कर्ष चूक.

रीगाच्या सावकाराचा मुलगा ख्रिश्चन पांडर याच्याकडे पैसा होता. व्ह्युर्ट्सबुर्गमध्ये त्यानं हजारो अंडी फोडली आणि चित्रांसाठी एदुआर्द दाल्तोन हा कसलेला चित्रकार हाताशी घेतला. १८१७ साली बाहेर आलेल्या या कामातून गर्भाचे तीन थर जगाला कळले. दाल्तोनचं नाव आज पाठ्यपुस्तकांत औषधालाही आढळत नाही.

जर्नलात आकृतीखाली लिहिलेल्या तासांवर मात्र विसंबता येत नाही. एकाच वेळी उबवायला ठेवलेली दोन अंडी सारखी वाढतीलच असं नाही. म्हणून १९५१ साली हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या गर्भशास्त्रज्ञांनी घड्याळ बाजूला ठेवून, गर्भ दिसतो कसा यावरून ४६ टप्पे ठरवले. तोवर फोटो आले होते. पण फोटोत सगळंच येतं, धूळसुद्धा. कुठली रेघ महत्त्वाची, हे काढणाऱ्या हातालाच ठरवावं लागतं.

आपल्याकडे कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासात पुणे विद्यापीठाच्या लीला मुल्हेरकर यांचं नाव घ्यावं लागतं. एडिनबरोचे गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. एका गर्भाचा कण दुसऱ्यात रुजवला, तर तिथल्या पेशी काय घडवतात, हे त्या कोंबडीच्या गर्भावर तपासत होत्या. १९५८ साली त्यांचा याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

आता पुन्हा ते जर्नल. तेहेतीस तासांच्या पिल्लाचं हृदय म्हणजे एक नळी, उजवीकडे फुगलेली. पाठीकडून पाहिलं तर आकृतीतही ती उजवीकडेच येते आणि पुस्तकात तशीच असते. पण स्लाइड करताना गर्भ पोटाची बाजू वर करून ठेवला गेला असेल, तर फुगवटा डावीकडे दिसतो. तपासणाऱ्या सरांना एखाद्याच जर्नलात हृदय डावीकडे दिसलं, तर त्या विद्यार्थ्यानं नक्की स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असायचं.