मुलींची गुणपत्रिका आता का पाठवत नाही?



आपण जिच्या शिक्षणाला हातभार लावता, तिची गुणपत्रिका आम्ही का पाठवत नाही, असे अनेकांनी विचारले आहे.

शाळेच्या नोंदींत नुसते गुण नसतात. जात, जन्मतारीख, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीचे बँक खाते, सिकलसेल तपासणीचा निकाल, सारे असते. सिकलसेल आईवडिलांकडून येतो, स्पर्शाने पसरत नाही. तरीही भीती असते. एकदा मी चांगल्या हेतूने आठवीतल्या एका मुलीचा तपासणीचा कागद देणगीदारांच्या पत्राला जोडला. त्याचा फोटो मोबाइलवरून फिरत तिच्या पाड्यावर पोचला. हिचे लग्न कसे जमणार, अशी कुजबुज सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती महिनाभर वसतिगृहात परतली नाही. चूक माझी होती.

१८ वर्षांखालील मुलांची डिजिटल माहिती वापरायला पालकांची संमती हवी, अशी तरतूद २०२३ च्या कायद्यातही आहे. आता नोंदी कुलपात असतात. आपल्याला सर्व मुलींचा एकत्रित अहवाल मिळेल: किती उत्तीर्ण झाल्या, किती पुढे शिकत आहेत.

प्रत्येकीसाठी प्रार्थना करत राहा. त्यांची नावे प्रभूला ठाऊक आहेत.