आधी मान, मग चष्मा

सकाळी ९. बिदरच्या जुन्या गावातला बिदरीचा कारखाना. चाचा मांडी घालून कधीच कामाला बसलेत. मोरचूद लावून काळ्या केलेल्या सुरईवर ते टोकदार सळईने बघता बघता वेल काढतात. नव्या पोरांना तो हात यायला वर्षं जातात. एआर चष्म्यातून वेल थेट सुरईवर दिसला तर शिकणं सोपं होईल, असा विचार आहे. पण त्यासाठी मान आणि डोळे किती सोसतात, ते मोजायचं काम माझं.

९.३०. चष्मा अजून पेटीतच. डोकेदुखी, डोळ्यांचा ताण, धूसर दिसणं, मळमळ अशी १६ लक्षणं विचारायची, प्रत्येकाला ० ते ३. सिम्युलेटरवर बसणाऱ्यांसाठी १९९३ साली केलेली ही यादी. मानेचं वेगळं विचारते. "बेटा, ये तो रोज का है," चाचा म्हणतात. हे आत्ताच लिहून घेतलं नाही, तर संध्याकाळी सगळं दुखणं चष्म्याच्या माथी जाईल. मग पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणायचं. एकाची दोन टोकं दिसली, की पट्टीने अंतर घ्यायचं.

१०.१५. आता चाचांना चष्मा: होलोलेन्स २, वजन ५६६ ग्रॅम. ताठ बसलं तर हे वजन चालून जातं. कोरणारा मात्र वाकलेला असतो, सगळी ओढ मानेमागच्या स्नायूंवर येते. खुर्चीत बसवून घेतलेली चाचणी म्हणूनच मला पटत नाही. या मानेवर चाचांचं घर चालतं. स्नायूंवर इलेक्ट्रोड चिकटवलेत, शिवाय मी मधून मधून विचारते, "मान किती, चाचा?" ० ते १० मध्ये उत्तर.

११.३०. खरी अडचण डोळ्यांची. चष्म्यातल्या चित्राचा फोकस साधारण २ मीटरवर पक्का, आणि सुरई तर हातात. बुबुळं जवळ वळतात, डोळ्यातलं भिंग मात्र लांबचं पाहायला ओढलं जातं. वेल स्पष्ट दिसला की तार बसवायची खाच धूसर, खाच दिसली की वेल पुसट. चाचांना जवळचा चष्मा आहे, त्यातून खाच नीट दिसते, पण चित्र जातं. दुपारी शिकाऊ पोराला चष्मा लावायचा. त्याचं भिंग लवचीक, ते सारखं मागेपुढे धडपडेल. त्याच्या पापण्या किती वेळा लवतात, ते व्हिडिओ थांबवून थांबवून मोजायचं.

१.००. जेवण.

२.००. चाचा आता चष्म्याविना तेच काम करतात. पोराचा क्रम उलटा, म्हणजे दुपारचा थकवा एकाच बाजूला मोजला जाणार नाही.

४.००. १९८८ ची नासा-टीएलएक्स, कामाच्या ओझ्याबद्दल सहा प्रश्न. पोराने वैताग सगळ्यांत वर धरला. त्याने चष्मा काढून अर्धा तास गेल्यावर पुन्हा ती १६ लक्षणं, पुन्हा पेन.

५.३०. उद्याची मांडणी बदलली. वेल सुरईवर नको, समोर दीड मीटरवर दाखवायचा. मान वर करून पाहायचा, खाली बघून कोरायचा. त्याने मानेला विसावा मिळतो की वर-खाली करून ती जास्तच थकते, ते इलेक्ट्रोड सांगतील.