हस्तरचा माग

12 ऑक्टोबर 2018 रोजी ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाचं लक्ष आधी गेलं ते नावाकडे. तुंबाड हे खेड तालुक्यातलं, जगबुडी नदीकाठचं खरंखुरं गाव. श्री. ना. पेंडसे यांच्या 1987 सालच्या ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडांच्या कादंबरीमुळे ते मराठी वाचकाच्या ओळखीचं झालेलं. त्या नावाचा हिंदी भयपट निघतो, व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्या चित्रपटाने होतो आणि पुढची सहा-सात वर्षं देशभरातले प्रेक्षक त्यातल्या न सांगितलेल्या गोष्टींचा छडा लावत बसतात, हे सगळं आमच्या खेड-दापोलीच्या मुलखासाठी नवलाचंच होतं. या सहा-सात वर्षांत कोणते तर्क निघाले, कोणते टिकले आणि कोणता कुणी केलाच नाही, हे एकदा नीट मांडायला हवं.

पहिला तर्क लवकर मागे पडला. चित्रपट पेंडश्यांच्या कादंबरीवर आहे, असं अनेकांनी धरलं होतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी कादंबरीतून घेतलं ते फक्त नाव. कथेचा उगम वेगळाच आहे. 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितलेल्या नारायण धारपांच्या गोष्टीने आपल्याला झपाटलं, असं बर्वे सांगत आले आहेत. पहिला खर्डा त्यांनी 1997 साली, विशीही गाठण्याआधी लिहिला. पुढे सातशे पानांचा चित्रमय आराखडा झाला, निर्माते आले आणि गेले, चित्रीकरण 2012 मध्ये सुरू होऊन थांबलं, काही वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. पडद्यावर पडणारा पाऊस अनेक पावसाळ्यांतला खरा पाऊस आहे. वाडा मात्र तुंबाडातला नाही, तो सासवडचा पुरंदरे वाडा. चित्रपट पाहून खेड तालुक्यात वाडा शोधत येणाऱ्यांनी हे आधी समजून घेतलेलं बरं.

प्रेक्षकांनी सर्वांत कसून शोध घेतला तो हस्तरचा. चित्रपटातली कथा अशी: पूर्तीच्या देवीच्या उदरातून सोळा कोटी देवदेवता जन्मल्या. हस्तर हा पहिला मुलगा आणि सर्वांत लाडका. देवीच्या एका हातात सोनं होतं, दुसऱ्या हातात धान्य. हस्तरने सोनं बळकावलं आणि तो धान्याकडे वळला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवून पुन्हा गर्भात घेतलं, पण त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचं नाव कुठे उरणार नाही, या अटीवर. तुंबाडच्या एका घराण्याने मात्र त्याचं देऊळ बांधलं आणि देवांचा कोप त्या गावावर अखंड पाऊस होऊन कोसळू लागला.

चित्रपट पाहिल्यावर कितीतरी जणांनी पुराणं धुंडाळली, जाणत्या माणसांना विचारलं. हस्तर कुठेच सापडला नाही. पण त्याचं नाव सगळ्या ग्रंथांतून पुसलं गेलं, असं कथाच सांगते. म्हणजे तो न सापडणं हाच पुरावा! लेखकांनी रचलेली ही सर्वांत चलाख खेळी, असं मला वाटतं. शोधणारा रिकाम्या हाताने परतला की त्याचा विश्वास आणखी घट्ट होतो.

खरं उत्तर ज्यांना सापडलं ते पुराणांकडे न जाता कथांच्या कपाटाकडे वळले होते. त्यांनी लावलेली साखळी अशी आहे. धारपांची ‘आजी’ ही गोष्ट स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली. 1984 च्या या कथेत एक लहान मुलगा आजारी आजीजवळ घरात एकटा आहे आणि तिला आवरण्यासाठी त्याला सांगितलं जातं की ‘हॅस्टर’च्या नावाने तिला निजायला सांग. हे नाव किंग यांनी लव्हक्राफ्ट आणि डर्लेथ यांच्या भयकथांतून उचललं. त्यांच्या आधी 1895 मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते वापरलं होतं आणि चेंबर्सला ते मिळालं अँब्रोज बीअर्सच्या एका गोष्टीतून. तिथे हा देव भयंकर नाहीच, मेंढपाळांचा सौम्य राखणदार आहे. आता ‘तुंबाड’मधला 1918 चा प्रसंग आठवा. साखळदंडाने बांधलेली म्हातारी, तिला भरवायला गेलेला लहानगा विनायक आणि हस्तरच्या नावाचा धाक घालून तिला झोपवणं. अमेरिकन गोष्टीतल्या मेंढपाळांच्या देवापासून पुण्याच्या धारपांपर्यंत आणि तिथून खेडच्या पावसापर्यंत, सव्वाशे वर्षांचा हा प्रवास प्रेक्षकांनी तुकडा तुकडा जोडून काढला. या सगळ्या तर्कांमध्ये पूर्ण सिद्ध झालेला तर्क हाच, आणि त्यामागच्या चिकाटीला मी मनापासून दाद देतो.

ही चिकाटी आली कुठून? कथाप्रधान व्हिडिओ गेम खेळून मोठ्या झालेल्या पिढीला तिची सवय आहे. 2009 च्या ‘असॅसिन्स क्रीड 2’ या गेममध्ये इटलीतल्या जुन्या इमारतींवर लपवलेली चिन्हं शोधावी लागत. प्रत्येक कोडं सुटलं की एका चित्रफितीचा तुकडा हाती येई आणि सगळे तुकडे जुळले की मुख्य कथेत न सांगितलेलं काही दिसे. जगभरच्या खेळाडूंनी त्यावर तर्कांचे डोंगर रचले. त्या गेमचे संगीतकार येस्पर कीड आणि ‘तुंबाड’चं पार्श्वसंगीतही त्यांचंच. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण ‘तुंबाड’ची रचनाच गेमसारखी आहे. दोराने विहिरीत उतरायचं, गर्भाच्या लालबुंद भिंतींत पिठाचं रिंगण घालून आत उभं राहायचं, कणकेची बाहुली पुढे करायची, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून पडतील तेवढी नाणी वेचायची आणि दोर गाठायचा. हस्तरचा स्पर्श झाला की मरणही मिळत नाही, देह सडत राहतो. नियम स्पष्ट, चूक जीवघेणी. अशी जागा दिसली की गेम खेळणारा प्रेक्षक लगेच विचारतो, हा नियम मोडला तर काय होईल?

शेवटी विनायकचा मुलगा पांडुरंग नेमकं हेच विचारतो. एकच बाहुली का? पुष्कळ नेल्या तर लंगोटच पळवता येईल. बापलेक पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर निघतात. असं का, हे चित्रपट सांगत नाही. म्हणून सगळ्यात जास्त तर्क इथे साचले. हस्तर एकच आहे आणि बाकीचे भास, असं काही म्हणतात. सोळा कोटी भावंडांपैकी आणखी काही गर्भात अडकली होती, असंही म्हटलं गेलं. मला पटतो तो तिसरा तर्क: गर्भ हावेच्या मापाने उत्तर देतो. विनायक जेवढं मागेल तेवढंच त्याच्यासमोर उभं राहील. हा तर्क धरून पाहिलं तर अखेरीस विनायकाने सगळ्या बाहुल्या अंगाला बांधून स्वतःलाच आमिष करणं, शापित रूपात लंगोट मुलापुढे धरणं आणि मुलाने तो नाकारणं, हे सगळं एका रेषेत येतं.

म्हातारी कोण, हा दुसरा वाद. ती घराण्यातलीच, कधीकाळी सोन्यासाठी उतरून हस्तरच्या हाती सापडलेली, एवढं तिच्या बोलण्यातून कळतं. 1933 मध्ये मोठा झालेला विनायक परततो तेव्हा तिच्या अंगातून झाड वाढलेलं असतं आणि मरणाच्या बदल्यात ती त्याला वाट सांगते. ही म्हातारी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या मुलानेच केल्या, हे कळल्यावर तर्काला नवे पंख फुटले: शापित पूर्वज आणि शाप मोडणारा वंशज यांना एकच चेहरा मुद्दाम दिला असेल का? मुखवट्याच्या थरांखाली लहान अंगाचा नट लागला असेल, इतकं साधं कारणही असू शकतं. तरी मला हा तर्क आवडतो.

काही तर्क मात्र मला मुळीच आवडले नाहीत. तुंबाडात किंवा कोकणातल्या दुसऱ्या एखाद्या पडक्या वाड्यात खरोखर असा ठेवा आहे, ही कुजबुज चित्रपटानंतर वाढली. गुप्तधनाच्या नादाने या राज्यात माणसं मारली गेली आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे तो उगाच नाही. जो चित्रपट हावेने माणसाची काय दशा होते ते दाखवतो, त्याच्याच आधाराने ठेवा शोधायला निघणं मला क्लेशकारक वाटतं.

आता मला खटकणारी उणीव. सालांवर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. 1918, 1933 आणि 1947 या तीन सालांत देशाच्या स्वातंत्र्याची चाल आहे, हस्तर म्हणजे वसाहतीची लूट, असा तर्क गाजला आणि त्यात तथ्यही आहे. पण ही गोष्ट देशाची ठरवताना ती रत्नागिरी जिल्ह्याची आहे, हे निसटलं. चित्रपटाच्या नावातच ज्या कादंबरीची सावली आहे तिच्या शीर्षकातला दुसरा शब्द कुणी फारसा वाचलाच नाही. खोत.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला सारावसुलीचा वतनदार. कोकणातलं कूळ भातशेतीत अर्धेल देई, म्हणजे पिकलेल्या भाताचा निम्मा वाटा खोताच्या घरी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी काढली तर तिर्धेल, म्हणजे तिसरा वाटा. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात वर्षभर पुरेल इतकं धान्य गरिबाच्या घरात उरत नसे. म्हणून बाप्ये मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि गावं मनीऑर्डरीवर जगली. इथे सोन्याची गोष्ट फार थोड्यांची होती. सगळ्यांची गोष्ट होती धान्याची.

हे डोळ्यांपुढे ठेवून हस्तरची कथा पुन्हा ऐका. सोनं घेतलं तोवर त्याला कुणी अडवलं नाही. देव पेटून उठले ते त्याने धान्याला हात घातला तेव्हा. तेव्हापासून तो सोन्यावर बसलाय आणि भुकेला आहे. कणीक दिसली की वेडा होतो आणि पिठाच्या रेघेपुढे हतबल होतो. खोताच्या खळ्यावर निम्मं भात मोजून देणाऱ्या कुळाने मनात धरलेला शाप याहून वेगळा काय असेल? ज्याने आमचं धान्य नेलं त्याला सोनं मिळो आणि घास न मिळो. लेखकांच्या मनात हे होतं, असा माझा दावा नाही. मात्र ही कथा जगबुडीकाठी ठेवली की ती हेच बोलू लागते.

सालंही मग वेगळी दिसतात. 1918 मध्ये देशाच्या मोठ्या भागात पावसाने दगा दिला होता आणि इन्फ्लुएंझाने माणसं मरत होती. धान्यासाठी हाहाकार होता, आणि त्याच वर्षी पडद्यावरच्या तुंबाडात पाऊस थांबत नाही आणि एका सोन्याच्या नाण्यासाठी विनायकची आई वाड्याच्या म्हाताऱ्या मालकाची, ‘सरकार’ची, सेवा करते. 1933 मध्ये विनायक तुंबाडला परततो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसणं थांबवलं. तो संप सुमारे सहा वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आहे, त्यांनी सप्टेंबर 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. विनायक विहिरीत उतरून नाणी वेचत होता, त्याच वर्षांत वरच्या जमिनीवर हे चाललं होतं. चित्रपटात हे काही नाही आणि ते असायला हवं होतं, अशी माझी तक्रारही नाही. पण एवढ्या बारकाईने लंगोटातल्या नाण्यांचा विचार करणाऱ्यांनी वाड्याबाहेरच्या शेतात कोण राबत होतं, हे विचारायला हवं होतं.

13 सप्टेंबर 2024 ला ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळच्या दुपटीहून जास्त कमाई करून गेला. पहिल्या वेळी ज्यांनी तो छोट्या पडद्यावर पाहिला होता ते आता तर्क पाठ करून आले होते. मराठी घरांत ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका म्हणून ओळखीची असलेली अनिता दाते इथे विनायकची बायको वैदेही आहे. पहिल्या पाहण्यात बाजूला राहिलेल्या तिच्या गप्प बसण्याबद्दल या वेळी बोललं गेलं, हे मला मोलाचं वाटलं. त्याच सुमारास निर्माते आणि नायक सोहम शाह यांनी दुसरा भाग जाहीर केला. बर्वे त्यात नाहीत. आपल्या मनातल्या मालिकेत ‘तुंबाड’नंतर ‘पहाडपांगिरा’ आहे आणि त्यात सतीच्या प्रथेची छाया आहे, असं त्यांनी त्याच वेळी सांगितलं. म्हणजे तर्क करणाऱ्यांपुढे यापुढे दोन वाटा आहेत, निर्मात्याची आणि दिग्दर्शकाची, आणि कोणती खरी तुंबाडची, यावर भांडण सुरूही झालं आहे.

माझा कान लागला आहे तो पांडुरंगाकडे. 1947 मध्ये त्याने लंगोट नाकारला. दोन वर्षांनी मुंबई खोती निर्मूलन कायदा झाला आणि 1950 मध्ये अमलात आला. पुढची गोष्ट कुणीही लिहो, तुंबाडच्या त्या कुळांचं काय झालं, सात-बारावर कुणाचं नाव चढलं आणि वाड्यातला तो मुलगा त्यांच्यासमोर कोणत्या नात्याने उभा राहिला, यावर खेड-मंडणगडच्या एखाद्या तरुण प्रेक्षकाने तर्क लढवावा. त्याच्या घरातल्या जुन्या कागदांत अर्धेलीच्या पावत्या अजून सापडतील.