जुन्या मोटारीची इंटरनेटवरील खरेदी : पुराव्याचे मोल

पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात वस्तू घेणारा मनुष्य ती उलटसुलट करून पाहतो, भावाची घासाघीस करतो आणि पैसे मोजताच वस्तू घेऊन निघतो. वस्तू, विक्रेता व पैसा ही तिन्ही तेथे एकाच जागी आणि एकाच वेळी हजर असतात. जुन्या मोटारीचा व्यवहार इंटरनेटवरील जाहिरातीपासून सुरू झाला म्हणजे ही एकत्रता मोडते. मोटार केवळ छायाचित्रात दिसते, विक्रेता केवळ आवाजाने भेटतो. पैसा मात्र क्षणार्धात हातचा जातो. फसवणुकीचे मूळ या विलगतेत आहे.

वापरलेल्या मोटारींचा बाजार हे अर्थशास्त्रातील एक प्रसिद्ध उदाहरण होय. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, मोटारीचे गुणदोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. त्यामुळे ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरूनच किंमत देऊ करतो. ही किंमत चांगल्या मोटारीच्या मालकास परवडत नाही व तो बाजारातून निघून जातो. मागे उरतो तो सदोष माल. यावरील एक उपाय मायकेल स्पेन्स यांच्या 1973 च्या विवेचनातून मिळतो. ज्याच्यापाशी गुण आहे त्यास स्वस्तात देता येईल, परंतु ज्याच्यापाशी नाही त्यास फार महाग पडेल, असाच संकेत विश्वसनीय ठरतो. अकरलॉफ, स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ही कसोटी नित्य व्यवहारास लावून पाहणे उद्बोधक आहे. आपण सैन्यात असून बदली झाल्यामुळे मोटार कमी किमतीस विकावयाची आहे, असे सांगणाऱ्या तोतयांच्या तक्रारी देशातील अनेक शहरांत नोंदल्या गेल्या आहेत. ओळखपत्राचे चित्र पाठविले जाते आणि मग वाहतुकीच्या किंवा अनामतीच्या नावाखाली थोडी थोडी रक्कम मागितली जाते. दक्षिण कमांडचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तेथे ही कथा सहज पटण्याजोगी असते. परंतु ओळखपत्राच्या चित्राची नक्कल करण्यास काहीच खर्च येत नाही. म्हणून पुरावा या नात्याने त्याचे मोल शून्य होय. मोटारीची व नोंदणीपुस्तकाची छायाचित्रे यांचीही तीच गत. याउलट, "मोटार ग्राहकाच्या पसंतीच्या कारखान्यात दिवसा आणून दाखवा," ही मागणी खऱ्या मालकास फारशी जड नाही. ज्याच्यापाशी मोटारच नाही, त्यास ती पुरी करणे अशक्य आहे. बाजारभावाहून फारच कमी असलेली किंमत आणि आजच पैसे पाठविण्याची घाई, ही दोन्ही लक्षणे अशी तपासणी टाळण्यासाठीच योजिलेली असतात.

मोटार प्रत्यक्ष समोर आली तरी मालकीचा प्रश्न उरतोच. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम 27 चे सामान्य तत्त्व असे की, विक्रेत्यापाशी जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क ग्राहकास मिळत नाही. चोरीची मोटार प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यासही ती गमवावी लागते. म्हणून सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक मूळ नोंदणी प्रमाणपत्राशी व शासनाच्या 'वाहन' नोंदीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा प्रमाणपत्रावर नोंदलेला असल्यास, कर्ज फिटल्याचे तिचे पत्र आणि नमुना 35 हाती आल्याखेरीज व्यवहार पुरा करू नये. अंतरमापकावरील आकडा बदलता येतो. तो दुरुस्ती-देखभालीच्या जुन्या पावत्यांशी जुळतो की नाही हे पाहावे.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे हस्तांतराची सूचना, राज्यातल्या राज्यात, विक्रेत्याने 14 दिवसांत व ग्राहकाने 30 दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुना 29 व 30 आहेत. पुणे शहरातील नोंदणीचे काम संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालयात चालते. ही नोंद ग्राहकाइतकीच विक्रेत्याच्याही हिताची आहे. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली असा निर्णय दिला की, मोटार हातोहात विकली गेली असली तरी ज्याचे नाव नोंदीत कायम आहे, तोच अपघाताच्या भरपाईपुरता मालक समजावा. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देणारा विक्रेता स्वतःवरच संकट ओढवून घेतो.

पैशाचा क्रम सर्वांत शेवटी यावा. यूपीआयने रक्कम स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक द्यावा लागत नाही. तो मागितला गेला म्हणजे पैसे जाणार आहेत, येणार नाहीत, हे निश्चित समजावे. किंमत नोंदणीकृत मालकाच्याच नावाच्या बँक खात्यात भरावी, आणि तीही मोटार, कागदपत्रे व मालक एकत्र समोर असताना. एवढे करूनही फसवणूक झालीच, तर 1930 या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

जाहिरात इंटरनेटवर पाहण्यात धोका नाही. व्यवहारही तेथेच पुरा करण्यात आहे. जुन्या बाजारातील ग्राहकास जी एकत्रता आपोआप लाभते, ती इंटरनेटवरील ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या प्रयत्नाने पुन्हा घडवून आणावयाची असते.